घरचा संघ नेमका कोणाचा? : ओकलँडच्या चाहत्यांची कैफियत

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ‘आपला संघ’ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही नावे शाहू स्टेडियमवर घुमतात तेव्हा त्यांमागे पेठा असतात, तालमी असतात, गल्लीतले वडीलधारे असतात. असा संघ कोणी विकत घेऊन दुसऱ्या शहरात हलवील ही कल्पनाच आपल्याला हास्यास्पद वाटेल. अमेरिकेत मात्र संघ हलतात. त्यासाठी कायदा आहे, गणित आहे आणि हलवण्याची रीतही ठरलेली आहे. तिथल्या चाहत्याला याबद्दल काय वाटते, आणि त्या वाटण्याला काही वजन आहे का, हा या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी मी ओकलँड हे एकच शहर निवडले आहे. २०१९ ते २०२४ या सहा वर्षांत या शहराने आपला बास्केटबॉलचा संघ गमावला, फुटबॉलचा गमावला आणि शेवटी बेसबॉलचाही गमावला. मी क्रीडापत्रकार नाही आणि कायद्याचा पदवीधरही नाही. माझा भाचा ओकलँडजवळच्या फ्रीमाँटला स्थायिक झाला, त्या निमित्ताने या प्रकरणाची गोडी लागली. पुढे जुनी वृत्तपत्रे, न्यायनिवाडे आणि सामन्यांची ध्वनिमुद्रणे यांत मी बरीच वर्षे घालवली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

खाडीपलीकडचे गाव

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीला पूल आहे. पुलाच्या पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को, पूर्वेला ओकलँड. पहिल्या शहराची लोकसंख्या दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. पर्यटक तिकडे, पैसा तिकडे, सिनेमातली दृश्येही तिकडची. ओकलँड हे बंदराचे, गोदीचे, रेल्वेच्या कामगारांचे गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामासाठी इथे आली आणि इथलीच झाली. सॅन फ्रान्सिस्कोला त्या भागात ‘द सिटी’ म्हणतात, तर ओकलँडचे लोक आपल्या गावाला अभिमानाने ‘द टाउन’ म्हणतात. शहर आणि गाव यांतली ही चुरस लक्षात ठेवली तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

अशा गावाला मोठ्या संघांचे महत्त्व वेगळेच असते. टीव्हीवर संघाचे नाव येते तेव्हा गावाचे नाव येते. ‘अ‍ॅथलेटिक्स’ हा बेसबॉल संघ १९०१ साली फिलाडेल्फियात सुरू झाला. १९५५ मध्ये तो कॅन्सस सिटीला गेला आणि १९६८ मध्ये ओकलँडला आला. लोक त्याला लाडाने ‘एज्’ म्हणतात. बास्केटबॉलचा ‘वॉरियर्स’ही मूळचा फिलाडेल्फियाचाच. तो १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आणि १९७१ मध्ये ओकलँडला आला. म्हणजे दोन्ही संघ ओकलँडला मिळाले ते दुसऱ्या कोणाचे तरी गाव सोडूनच. ‘आमचा संघ पळवला’ ही तक्रार ऐकताना हे विसरता येत नाही. फिलाडेल्फियातल्या आणि कॅन्सस सिटीतल्या चाहत्यांनीही कधीतरी हेच म्हटले असणार.

पण संघ आयता आला म्हणून नाते आयते येत नाही. ते घडवावे लागते, आणि ओकलँडने ते घडवले. अ‍ॅथलेटिक्सने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे विश्वमालिका जिंकली. १९८९ साली खाडीपलीकडच्या जायंट्सशी त्यांची विश्वमालिका सुरू असताना १७ ऑक्टोबरला तिसऱ्या सामन्याच्या तोंडावर भूकंप झाला. ओकलँडमधला सायप्रस नावाचा दुमजली उड्डाणरस्ता कोसळून ४२ माणसे गेली. मालिका थांबली, दहा दिवसांनी पुन्हा सुरू झाली, आणि अ‍ॅथलेटिक्सने चारही सामने जिंकले. पण विजयाच्या रात्री शॅम्पेन उडवली गेली नाही. घरात सुतक असताना सण कसा करायचा, हे तिथेही कोणाला सांगावे लागले नाही.

वानखेडेवर आपण हात वर करून जी लाट उसळवतो, तिची चित्रीकरण झालेली पहिली मोठी नोंदही इथलीच आहे : १५ ऑक्टोबर १९८१, ओकलँडचे कॉलिजियम मैदान, ‘क्रेझी जॉर्ज’ नावाने ओळखला जाणारा ढोलवाला आणि त्याच्या इशाऱ्यावर उठणारी हजारो माणसे.

एका शाळेची तीन मुले

पश्चिम ओकलँडमध्ये मॅक्लिमंड्स नावाची माध्यमिक शाळा आहे. तिथे बिल रसेल शिकला, ज्याने पुढे बोस्टनकडून बास्केटबॉलची ११ अजिंक्यपदे मिळवली आणि १९६६ मध्ये त्या लीगचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला. शाळेच्या बास्केटबॉल संघात त्याचा एक सोबती होता फ्रँक रॉबिन्सन. तो बेसबॉलमध्ये गेला आणि १९७५ मध्ये क्लीव्हलँडकडून त्या खेळातला पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक झाला. तिसरा कर्ट फ्लड. त्याने काही काळ या शाळेत काढला आणि पुढचे शिक्षण ओकलँड टेक्निकल शाळेत घेतले. पुढे रिकी हेंडरसनही त्याच टेक्निकल शाळेतून आला. धावून ‘बेस’ चोरण्यात ज्याचा हात आजवर कोणी धरू शकलेला नाही, तो हा हेंडरसन अ‍ॅथलेटिक्सकडूनच खेळू लागला. गावचा मुलगा गावच्या संघात, गावच्या मैदानावर. २०१७ मध्ये त्या मैदानाला त्याचे नाव दिले गेले.

कर्ट फ्लडचे नाव इथे आणखी एका कारणाने घ्यावे लागते. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या मालकाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. फ्लडने जायला नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. न्यायालयाने आधार घेतला तो १९२२ च्या एका जुन्या निवाड्याचा. बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांतला व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्यांना लागू नाही, असे तो निवाडा सांगतो. हा आधार विसंगत आहे हे न्यायमूर्तींनी मान्य केले, पण दुरुस्ती संसदेने करावी म्हणून विषय सोडून दिला. संसदेने १९९८ मध्ये खेळाडूंपुरती ती दुरुस्ती केली आणि त्या कायद्याला फ्लडचेच नाव दिले. संघांच्या स्थलांतराला मात्र तिने हात लावला नाही.

ओकलँडच्या मुलाने ज्या भिंतीवर डोके आपटले, तीच भिंत पुढे ओकलँडच्या चाहत्यांसमोर उभी राहिली.

संघ का हलतो?

आपल्याकडचा वाचक विचारील, एक संघ गेला तर दुसरा काढायचा. पण अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे दार बंद असते. बेसबॉलमध्ये ३० संघ, बास्केटबॉलमध्ये ३०. खालच्या लीगमधून जिंकत वर येण्याची सोय नाही. नवा संघ घ्यायचा की नाही हे जुने मालकच ठरवतात. संघ ३० आणि संघ हवी असलेली शहरे त्याहून जास्त, अशी टंचाई मुद्दाम राखली जाते. त्यामुळे मालक कोणत्याही शहराला सांगू शकतो : नवे मैदान बांधून द्या, नाहीतर दुसरे शहर वाट पाहतेच आहे.

शिवाय प्रत्येक संघाची हद्द ठरलेली असते. अ‍ॅथलेटिक्सला जवळच्याच सॅन होजेला जायचे होते, पण तो मुलूख जायंट्सच्या हद्दीत येतो म्हणून लीगने अडवले. सॅन होजे शहराने २०१३ मध्ये दावा लावला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला, आणि फेटाळताना आधार पुन्हा त्या १९२२ च्या निवाड्याचा आणि फ्लडच्या पराभवाचा. गंमत अशी की तासाभराच्या अंतरावर जायची मनाई झालेल्या या संघाला पुढे राज्य ओलांडून नेवाडात जायला परवानगी मिळाली.

ओकलँडची स्वतःची बाजूही सांगायला हवी. १९६६ मध्ये उघडलेले कॉलिजियम मैदान जुने झाले होते. २०१३ मध्ये तिथे कपडे बदलण्याच्या खोल्यांत सांडपाणी शिरले होते. फुटबॉलचा ‘रेडर्स’ संघ १९८२ मध्ये सोडून गेला होता. त्याला १९९५ मध्ये परत आणण्यासाठी शहराने आणि जिल्ह्याने कर्ज काढून मैदानाला एक प्रचंड मजला चढवला. त्याने बेसबॉलच्या प्रेक्षकांना दिसणारे डोंगर झाकले गेले. रेडर्स पुन्हा निघून गेले, २०२० पासून लास व्हेगासला खेळू लागले, आणि कर्जाचे हप्ते गावात राहिले. अशा गावाने पुढच्या मैदानाच्या वेळी हात आखडता घेतला तर त्याला कद्रू म्हणता येणार नाही. मैदानावर ओतलेला सरकारी पैसा गावाला सहसा परत मिळत नाही, यावर तिथल्या अर्थशास्त्रज्ञांचे एरवी दुर्मीळ असे एकमत आहे.

दोन खेळ, दोन सवयी

बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ रोज सामना. तो सणासारखा पाहिला जात नाही, संध्याकाळच्या फेरफटक्यासारखा पाहिला जातो. मैदान मोठे, वरच्या रांगांचे तिकीट परवडणारे. फ्रीमाँटहून लोकल पकडायची, कॉलिजियम स्थानकावर उतरायचे आणि पादचारी पुलावरून थेट मैदानात. हरले तरी उद्या पुन्हा आहेच. उजव्या बाजूच्या उघड्या रांगांत ढोल, पत्र्याचे डबे, हाताने रंगवलेले फलक घेऊन वर्षानुवर्षे तीच माणसे बसत.

बास्केटबॉलचे सामने ८२, घरचे ४१, आणि ते बंद सभागृहात. ओकलँडच्या सभागृहात सुमारे साडेएकोणीस हजार माणसे मावत. छत असल्यामुळे आवाज आत कोंडला जाई, आणि ओकलँडचा तो आवाज साऱ्या लीगमध्ये प्रसिद्ध होता. १९९५ ते २००६ असे सलग १२ हंगाम वॉरियर्सना बाद फेरीही गाठता आली नाही. २००७ मध्ये त्यांनी आठव्या क्रमांकावरून येऊन ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला हरवले, तेव्हा सगळे सभागृह पिवळ्या सदऱ्यांनी भरले होते. पुढे २०१५, २०१७ आणि २०१८ अशी अजिंक्यपदे आली आणि तिन्ही मिरवणुका ओकलँडच्याच रस्त्यांवरून निघाल्या.

या दोन सवयींना जोडणारा एक आवाजही होता. समालोचक बिल किंग याने वॉरियर्स, रेडर्स आणि अ‍ॅथलेटिक्स या तिन्ही संघांचे सामने रेडिओवर सांगितले. एकाच गळ्यातून तिन्ही खेळ ऐकत मोठी झालेली पिढी ‘आमचे संघ’ असे अनेकवचनात बोलते, ते उगीच नाही.

चाहत्यांचे म्हणणे

१३ जून २०१९ रोजी वॉरियर्स ओकलँडमधला शेवटचा सामना खेळले. अंतिम फेरीत टोरांटोकडून ११४-११० असे हरले. त्या वर्षीच त्यांनी पूल ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या सभागृहात बस्तान हलवले. बरोबर चार वर्षांनी, १३ जून २०२३ रोजी, अ‍ॅथलेटिक्सच्या चाहत्यांनी एक अजब आंदोलन केले. मालकावर रागावलेले लोक सामन्यावर बहिष्कार घालतात. इथे त्यांनी उलटा बहिष्कार घातला, म्हणजे ठरवून मैदान भरले. त्या हंगामात संघ इतका दुबळा होता की त्याने १६२ पैकी ११२ सामने गमावले. अशा संघाच्या मंगळवारच्या सामन्याला २७,७५९ माणसे आली. अंगात हिरवे सदरे आणि त्यावर चार इंग्रजी अक्षरांचा एकच शब्द : ‘सेल’. आपल्याकडच्या दिवाळीच्या सवलतीशी त्याचा संबंध नाही. मालका, संघ विकून टाक आणि जा, असा त्याचा अर्थ. संघ त्या रात्री २-१ जिंकला. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देणारे विधेयक मंजूर केले. लीगच्या आयुक्तांनी या गर्दीची संभावना केली ती, एका रात्रीपुरती का होईना सरासरीच्या जवळपास गर्दी झाली, अशा अर्थाच्या शब्दांत. नोव्हेंबरमध्ये मालकांनी स्थलांतराला एकमताने मान्यता दिली.

या काळातली चाहत्यांची मते वाचताना तीन गोष्टी जाणवतात.

पहिली, त्यांनी खेळाडूंना दोष दिला नाही. चांगले खेळाडू एकामागून एक दुसऱ्या संघांना दिले गेले, तिकिटे महागली, मैदानाची डागडुजी थांबली आणि मग गर्दी नाही म्हणून गाव नालायक ठरवले गेले, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुकानदाराने माल ठेवायचा नाही आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकान हलवायचे, तसला हा प्रकार. १९९० साली, संघ बलवान असताना, याच मैदानावर एका हंगामात २९ लाख प्रेक्षक आले होते. गाव तेच होते.

दुसरी, त्यांनी वॉरियर्सना बरेचसे माफ केले. दोन्ही संघ गेले, मग रागात फरक का? वॉरियर्स पुलापलीकडे गेले, राज्यापलीकडे नाही. नवे सभागृह त्यांनी खासगी पैशाने बांधले. जाण्याआधी त्यांनी तीन अजिंक्यपदे दिली. गाव सोडण्यासाठी संघ मोडून दाखवला नाही. आणि गेल्यावरही ते कधीकधी ‘द टाउन’ लिहिलेले सदरे घालतात. काही चाहत्यांना हा मान वाटतो, तर काहींना आठवणीचा व्यापार. मला दुसरे मत अधिक पटते. ज्या संघाने ओकलँडमध्ये ४७ वर्षे राहून आपल्या नावात कधी ओकलँड येऊ दिले नाही, ‘गोल्डन स्टेट’ असे राज्याचे टोपणनाव मिरवले, आणि जाताना जुन्या सभागृहाच्या कर्जाची बाकी द्यायला खळखळ केली, त्याला गावाची आठवण छातीवर छापून विकण्याचा किती अधिकार आहे? पण वॉरियर्सचा चाहता अजून लोकलने जाऊन सामना पाहू शकतो, त्याला परवडले तर. या ‘परवडले तर’मध्येच जुन्या सभागृहातली पुष्कळ माणसे गळाली.

तिसरी आणि महत्त्वाची. चाहत्यांनी मालकी मागितली नव्हती. संघ स्थानिक माणसाला विका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नैतिक भाषेत सांगायचे तर मालक हा विश्वस्त आहे असे ते मानत होते. कायद्याच्या भाषेत तो फक्त मालक आहे.

हा विश्वस्ताचा विचार भाबडा आहे का? मला तसे वाटत नाही, कारण लीगनेच तो एकदा वापरला आहे. १९७६ मध्ये तेव्हाचे मालक चार्ली फिन्ली यांनी ओकलँडचे तीन बिनीचे खेळाडू बोस्टन आणि न्यूयॉर्कला एकूण ३५ लाख डॉलरना विकले. आयुक्त बोवी कून यांनी बेसबॉलच्या हिताचे कारण देऊन ती विक्री रद्द केली, आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयाने आयुक्तांचा तो अधिकार मान्य केला. म्हणजे मालकाने आपला संघ हवा तसा मोडावा असे बेसबॉलमध्ये नेहमीच मानले गेलेले नाही. खेळाचे व्यापक हित नावाची गोष्ट आयुक्तांच्या हातात तेव्हाही होती आणि २०२३ मध्येही होती. ती कोणासाठी वापरायची, एवढाच निर्णय बदलला.

गेल्यानंतर

२६ सप्टेंबर २०२४ रोजी अ‍ॅथलेटिक्स ओकलँडमध्ये शेवटचे खेळले. टेक्सासला ३-२ असे हरवले. प्रेक्षक ४६,८८९. लास व्हेगासचे मैदान तयार होईपर्यंत ते सॅक्रामेंटोशेजारच्या, जेमतेम १४ हजार माणसे मावतील अशा मैदानावर खेळत आहेत. त्यांच्या नावात सध्या कोणतेही गाव नाही, नुसते ‘अ‍ॅथलेटिक्स’. त्या डिसेंबरात रिकी हेंडरसन वारला.

पण ओकलँडमध्ये आणखी एक गोष्ट घडली. २०२४ च्या उन्हाळ्यात ‘ओकलँड बॉलर्स’ हा छोटा संघ पश्चिम ओकलँडच्या रेमंडी पार्कवर खेळू लागला. तो मोठ्या लीगचा नाही, पायोनियर लीग नावाच्या स्वतंत्र लीगचा आहे. त्याने सामान्य चाहत्यांना भाग विकत दिले आणि दोन हजारांहून अधिक लोकांनी ते घेतले. भाग छोटा आहे. पण चाहत्यांचा प्रतिनिधी संचालक मंडळात बसतो आणि गाव सोडण्यासारख्या निर्णयात चाहत्यांचे मत घ्यावे लागते. २०२५ मध्ये या संघाने आपल्या लीगचे अजिंक्यपद जिंकले. मोठ्या संघाची उणीव यातून भरून निघणार नाही. टीव्हीवर गावाचे नाव तसे झळकणार नाही. पण ‘संघ कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर इथे प्रथमच कागदावर आले आहे.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. पुण्याने आयपीएलमध्ये दोन संघ पाहिले. पहिला २०११ ते २०१३ टिकला. दुसरा २०१६ आणि २०१७ असे दोनच हंगाम, त्यातही अंतिम सामना एका धावेने हरून संपला. गहुंजेचे मैदान आहे, पुणेकर आहेत, संघ नाही. त्याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही, कारण नाते जुळायलाच वेळ मिळाला नव्हता. ओकलँडला ५७ हंगाम मिळाले आणि तरीही शेवट तोच झाला. म्हणजे नाते किती जुने यावर संघाचे राहणे ठरत नाही; कागदावर काय लिहिले आहे यावर ठरते. आमच्या तालमींचे संघ गरीब आहेत, त्यांच्यात भांडणे आहेत, मैदानावर कधी दगडही पडतात; पण ते पेठेचे आहेत आणि पेठ विकता येत नाही. मोठी लीग, मोठा पैसा दारात आला तर तो जरूर घ्यावा. मात्र सही करण्याआधी ‘गाव सोडून जायचे झाले तर कोणाला विचारणार?’ हे कलम त्यात आहे ना, एवढे पाहून घ्यावे.